घासून काढलेला आकडा

माझ्या घरात एकही रिव्हॉल्व्हर नाही, हे आधीच सांगून टाकतो. बोईसरमधल्या निम्म्या ओळखीच्यांना वाटतं की माझ्या कपाटात दहा-बारा तरी असतील. माझ्या कपाटात आहेत त्या अकरा वह्या. त्यांत दोनशे चौदा जुन्या लष्करी रिव्हॉल्व्हरांची मापं, शिक्के आणि आकडे लिहिलेले आहेत. रिव्हॉल्व्हरं त्यांच्या परवानाधारक मालकांकडेच राहतात. मी जमवतो तो त्यांचा इतिहास. हत्यार कोणत्या पलटणीत होतं, कुणाच्या कमरेला होतं, हे शोधायचं, कागदावर आणायचं आणि मालकाच्या हातात द्यायचं. मानधन घेत नाही. घेतलं की लोक हवा तो इतिहास मागायला लागतात. तसेही मागतातच.

पोटापाण्याची नोकरी वेगळी आहे. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात सव्वीस वर्षं मी मोजमाप तपासतो. तुकडा मापात आहे की नाही, एवढंच माझं काम. ‘जवळजवळ मापात’ असा प्रकार आमच्याकडे नसतो. लग्नानंतर काही वर्षं आम्ही पालघरला राहायचो. तिथे शेजारी सैन्यात हत्यारं दुरुस्त करणारे एक निवृत्त कारागीर होते. त्यांनी एकदा त्यांच्याकडचं जुनं रिव्हॉल्व्हर माझ्या भिंगाखाली ठेवलं आणि म्हणाले, “वाचा.” तेव्हापासून वाचतो आहे.

वाचायचं म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. लष्करी रिव्हॉल्व्हरवर कारखान्याचा क्रमांक असतो. तो खोल असतो आणि हत्यार साधारण केव्हा बनलं ते त्यावरून कळतं. सरकारी मालकी दाखवणारी बाणाची खूण असते, तपासनिसाचा शिक्का असतो. आणि मुठीच्या मागच्या अरुंद पट्टीवर कधी कधी पलटणीची अक्षरं आणि एक छोटा आकडा असतो. हा आकडा म्हणजे पलटणीचा नग क्रमांक. कारखान्याचा क्रमांक सांगतो हत्यार कधीचं. नग क्रमांक सांगतो हत्यार कुणाचं. पलटणीच्या जुन्या दप्तरात ‘अमुक सुभेदाराकडे नग अमुक’ अशी नोंद सापडली की माणूस आणि हत्यार जोडले गेले. पण हा आकडा पलटणीतल्या कारागिराने हातोडीने ठोकलेला असतो, उथळ असतो, आणि सगळ्यात आधी तोच जातो.

जातो म्हणजे घालवला जातो. याचाच मला राग आहे, आणि तो राग आवरून हा लेख लिहिता येणार नाही.

केळव्याला एका रिसॉर्टच्या मालकाने मला बोलावलं होतं. स्वागतकक्षाच्या भिंतीवर पितळी रिव्हॉल्व्हर टांगलेलं.

“सर, शनिवार-रविवार मुंबईची गिऱ्हाइकं येतात. पोर्तुगीजांचं आहे एवढं लिहून द्या, फ्रेम करून लावतो.”

“पोर्तुगीज इथून गेले तेव्हा रिव्हॉल्व्हर नावाची वस्तूच जगात नव्हती.”

“किती वर्षांचा फरक पडतो?”

“शंभराच्या आसपास.”

“मग एवढं काय, सर. शंभर वर्षं कोण बघतंय?”

त्या वस्तूचे स्क्रू चौफुलीच्या खाचेचे, आजच्या बाजारातले होते. हत्यार नव्हतंच ते, शोभेची वस्तू होती, फार तर दहा वर्षांपूर्वीची. मी तसं लिहून दिलं. त्यांनी माझ्यासमोर कागद फाडला आणि नारळपाणी पाजून मला वाटेला लावलं.

चिंचणीच्या एका गृहस्थांनी याहून वाईट केलं. त्यांचं हत्यार खरं होतं, चांगलं होतं. कुणा दलालाने त्यांना सांगितलं की क्रमांक जितका लहान तितकं हत्यार जुनं. यांनी कारखान्याचा पाच आकडी क्रमांक कानशीने काढला आणि त्या जागी बाजारातल्या पंचाने तीन आकडी ठोकला. तीन आकडे, तिन्ही वाकडे. हत्याराचा क्रमांक बदलणं हा गुन्हा आहे. मी पोलिसांना कळवलं आणि त्या घराशी माझा संबंध संपला. ते गृहस्थ मला अजून बाजारात दिसतात. मान फिरवतात ते, आणि चोर असल्यासारखं वाटतं मला.

अशा अनुभवांतून मी दोन नियम केले. पहिला, मालकाला काही विचारायचं नाही. विचारलं की तो सांगतो, आणि सांगितलेलं एकदा कानात बसलं की डोळ्यालाही तेच दिसायला लागतं. दुसरा, जो आकडा स्पष्ट वाचता येत नाही तो वहीत लिहायचा नाही. या दोन नियमांचा मला अभिमान होता. मोहिते अण्णांच्या बाबतीत मी दोन्ही पाळले.

मोहिते अण्णा मूळचे कराडकडचे. इथे कारखाने नवे होते तेव्हा आले आणि पाइपांचे स्टीलचे जोड बनवणाऱ्या एका कारखान्यात चाळीस वर्षं बफिंग खात्यात राहिले. म्हणजे धातूला चकाकी आणण्याचं काम. आता त्र्याऐंशीचे आहेत. त्यांचे आजोबा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात होते, सुभेदार म्हणून निवृत्त झाले. त्यांचं रिव्हॉल्व्हर वडिलांकडे आणि मग अण्णांकडे आलं, रीतसर परवान्यासह. अण्णांचा मुलगा बडोद्याला असतो. त्याला परवाना नको आहे. अण्णांच्या मागे हत्यार पोलीस ठाण्यात जमा होणार आणि बहुधा पुढे नष्ट केलं जाणार. म्हणून अण्णांना ते हयातीतच आजोबांच्या पलटणीच्या संग्रहालयाला द्यायचं होतं. संग्रहालयाची अट एकच होती: हे सुभेदारांचंच हत्यार आहे, हे दाखवा.

पहिल्यांदा गेलो तेव्हा अण्णांनी ते धुवट फडक्यातून काढून टेबलावर ठेवलं. मुठीच्या पट्टीवर पिवळट कीट बसलेलं होतं.

“अण्णा, याला हळद-कुंकू किती वर्षं लागतंय?”

“आज्याच्या हयातीपासनं. खंडेनवमीला. आदी आज्जी लावायची, मग बा, मग मी. आमच्यात एकदाबी चुकली न्हाई पूजा.”

ओली हळद खाचेत वाळते, तिच्याखाली गंज धरतो. पलटणीची अक्षरं वाचता आली, ती मी लिहिली. नग क्रमांक दोन आकडी, इंग्रजी आकड्यांत. पहिला सहा, स्पष्ट. दुसऱ्याची उजवी बाजू होती, डावी गंजाने खाल्लेली. तीन किंवा आठ. वही उघडी होती, पेन हातात होतं. मी लिहिलं नाही. फोटो काढला, त्यात सहा छान आलाय आणि दुसऱ्या आकड्यावर ट्यूबलाइटचा पांढरा डाग आहे. कीट मऊ झाल्याशिवाय खरवडलं तर उरलेलंही जाईल, म्हणून अण्णांना सांगितलं की पट्टीवर रोज एक थेंब तेल सोडा, मी तीन आठवड्यांनी येऊन पातळ कागदावर पेन्सिलीने ठसा घेतो. सगळं शास्त्रशुद्ध.

त्या तीन आठवड्यांत दसरा झाला, आणि संग्रहालयाच्या अधिकाऱ्याचा फोन आला. त्यांच्या जुन्या हुकुमांच्या वहीत नोंद सापडली होती: निवृत्त होताना सुभेदारांना त्यांचं रिव्हॉल्व्हर स्वतःकडे ठेवायची परवानगी, नग क्रमांक अडुसष्ट. म्हणजे दुसरा आकडा आठ असेल तर हत्यार त्यांचं. तीन असेल तर दुसऱ्या कुणाचं, आणि मग संग्रहालयाला ते नको.

मी ठसा घ्यायचा कागद, पेन्सिल, खाचा उठून दिसाव्यात म्हणून खडू, आणि भिंग घेऊन अण्णांकडे गेलो. अण्णा दारातच उभे होते. आत नेलं, नवं लाल फडकं उघडलं.

“बगा आता.”

रिव्हॉल्व्हर आरशासारखं चमकत होतं. त्यात मला माझा चेहरा दिसला, आणि तो चांगला दिसत नव्हता.

“तीन दिस घासलंय,” अण्णा सांगत होते. “बेटेगावला माज्या हाताखालच्या गड्याचं दुकान हाय, तिथं बसून. दुसऱ्याच्या हातात न्हाई दिलं. वर निकेल चढवलं. त्यो यूपीचा गडी बगतच ऱ्हायला. म्हनला, चाचा, हाथ अभी भी वही है.”

मी पट्टीवरून बोट फिरवलं. काचेवरून फिरवावं तसं फिरलं. कारखान्याचा खोल क्रमांक तेवढा जागेवर होता.

“अण्णा, आकडे कुठे गेले?”

“गंजून पार गेलेवतं की त्ये. म्यूझियमात असलं मळकट पाटवायचं व्हय आज्याचं हत्यार? आन् तुमी लिवून घेतलंच हुतं त्या दिशी.”

“नाही लिहिलं.”

“वही काडलीवती की तुमी.”

“काढली होती. लिहिलं नाही.”

मग मी जे बोललो ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मी त्र्याऐंशी वर्षांच्या माणसाला त्याच्या घरात उभं राहून सांगितलं की शंभर वर्षं गंजाला जे जमलं नाही ते तुम्ही तीन दिवसांत केलंत, तुमच्या आजोबांना पुसून टाकलंत.  अण्णांनी हत्यार लाल फडक्यात परत गुंडाळलं, आणि मग शांतपणे म्हणाले, “वही काडून लिवायचं न्हाई, त्येला काय म्हनत्यात मग?”

 घरी येईपर्यंत मी बेटेगावच्या त्या दुकानावर चिडलो, हळदीवर चिडलो, आमच्या वसाहतीत जो तो उठून धातू चमकवतो त्यावर चिडलो. वहीत ‘तीन किंवा आठ’ एवढं लिहायला मला कुणी बंदी केली होती? कुणीच नाही. नियम माझाच होता.

संग्रहालयाच्या अधिकाऱ्याला फोनवर सगळं खरं सांगितलं. तो म्हणाला, “तुम्ही बघितलंय ना? मग एका ओळीचं प्रमाणपत्र द्या, नग क्रमांक अडुसष्ट, खाली सही. तुमच्या सहीवर आमचा विश्वास आहे.”

“मला तीन की आठ ते कळलं नव्हतं.”

“ते आम्हाला कशाला सांगता?” तो अगदी मायेने म्हणाला.

चार दिवस मी ओळखीच्या जाणकारांना फोन करत सुटलो. पाचव्या दिवशी बायको वाल सोलत बसली होती. म्हणाली, “अहो, त्या अण्णांना विचारलंत का, आकडा काय होता ते?”

“मालकाला विचारायचं नसतं.”

“का?”

“मालक हवं ते सांगतो.”

“केळव्याचा तो मालक आणि हे अण्णा सारखेच का? सत्तर वर्षं त्या माणसाने बोटाने तिथे हळद लावलीय. तुम्ही बघितलं एकदा, पाच मिनिटं. साऱ्या जगाला फोन करून झाले तुमचे, त्यांनाच तेवढं विचारलं नाहीत.”

दुसऱ्या दिवशी गेलो. आधी माफी मागितली. अण्णांनी ती घेतली की नाही कळलं नाही. चहा मात्र आला. मग विचारलं. अडुसष्टची नोंद मी त्यांना सांगितलेली नव्हती, हे इथे नमूद करतो.

“आठ,” अण्णा म्हणाले. “पोरगा हुतो तवा आकडा नव्यावानी हुता. अंगठ्याला दोन भोकं लागायची, वर येक, खाली येक. तीनाला भोक नसतं, त्ये डावीकडनं उघडं असतं.”

“अंगठ्याला एवढं कळतं?”

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. “चाळीस वर्सं डोळ्यानं काम केलंय असं वाटतंय का तुमास्नी? बफिंगला डोळा फसतो. उजेड चकवतो. चरा हाय का न्हाई त्ये अंगठाच सांगतो.”

हे मात्र खरं होतं. आमच्या खात्यातही जुने पॉलिशवाले भिंगाआधी अंगठा लावतात आणि बहुतेक वेळा भिंग त्यांच्याच बाजूने निघतं. पण ‘बहुतेक वेळा’ हे माप नाही. म्हणून मी परीक्षा घ्यायची ठरवली. पोलादाचे वीस तुकडे कापले. आधी यादी केली, कुठल्यावर तीन आणि कुठल्यावर आठ. मग त्याच उंचीच्या पंचाने ठोकले, आणि निम्म्यांची डावी बाजू कानशीने झिजवली. रविवारी सकाळी अण्णांच्या ओटीवर त्यांच्या डोळ्यांना त्यांचाच पंचा बांधला आणि एकेक तुकडा हातात दिला.

“आठ. तीन. तीन. ह्यो आठ, पन डावीकडं कुनीतरी कानस मारलीया. कानस बोथट हाय तुमची.”

वीस तुकडे संपायला दहा मिनिटंही लागली नाहीत. वीसपैकी एकोणीस बरोबर. मी घरी जाऊन चार पानी अहवाल लिहिला: पहिली तपासणी, माझी चूक, अण्णांची साक्ष, परीक्षेची रीत, निकाल. सहीपूर्वी तो अण्णांना वाचून दाखवायला गेलो. मला वाटलं ते संग्रहालयाचं विचारतील.

“कुटलं चुकलं?”

“चौदावा. होता आठ, तुम्ही तीन म्हणालात.”

“आना चौदावा.”

पिशवीतून काढून दिला. त्यांनी डोळे मिटले, अंगठा एकदा फिरवला. “तीन.”

“यादीत आठ आहे, अण्णा.”

“मग यादी घासा.”

मी खडू लावला, भिंग धरलं. तीन होता. झिजवलेला नाही, अर्धवट नाही, ताजा, कोरा तीन. पंच उचलताना माझा हात चुकला होता, आणि मी तुकडा न बघता कागद बघत बसलो होतो. सव्वीस वर्षं तपासनीस म्हणून काढल्यावर. अण्णा हसले नाहीत. त्यांनी तुकडा पुसला आणि माझ्या हातात परत दिला. हसले असते तर बरं झालं असतं.

या परीक्षेने अंगठा ओळखतो हे सिद्ध झालं. आठवण खरी आहे हे सिद्ध झालं नाही. तेही मी अहवालात लिहिलं. वीसपैकी वीस लिहिलं आणि तपासनिसाची नोंद चुकली होती हेही लिहिलं. शेवटी लिहिलं की ही साक्ष आणि ही परीक्षा लक्षात घेता माझ्या मते नग क्रमांक अडुसष्ट आहे. प्रमाणपत्राची ओळ वेगळ्या पानावर घेतली, तिच्यातही ‘माझ्या मते’ घातलं, ‘आधार सोबतच्या चार पानांत’ असं घातलं, आणि सही केली. सगळं रजिस्टर पोस्टाने पाठवलं.

नऊ दिवसांत उत्तर आलं. हत्यार स्वीकारण्यास मान्यता, पुढच्या सरकारी परवानग्यांचे नमुने, अण्णांच्या आजोबांच्या नावाची पाटी लावण्याचं आश्वासन. आणि त्याच पाकिटात माझी चार पानं, घडीही न मोडलेली. ‘प्रमाणपत्र दाखल करून घेतले आहे. सोबतची कागदपत्रे आवश्यक नसल्याने परत करीत आहोत.’

मी फोन लावला.

“तुम्ही ती पानं वाचलीत का?”

“साहेब, राग मानू नका. फाइलला एक पान लागतं.”

“वाचलीत का?”

“वाचायची असती तर ठेवली असती ना.”

त्या कचेरीला खोटी एक ओळही चालली असती, हे मला तेव्हा पुरतं कळलं. त्यांना खऱ्या ओळीतला आणि खोट्या ओळीतला फरकच दिसत नव्हता. बायको म्हणते, हत्यार वाचलं, अण्णा खूश आहेत, आता चिडायचं कारण काय. अण्णा खरोखरच खूश आहेत. जिल्हा कचेरीतली कागदपत्रं पुरी करून रिव्हॉल्व्हर पालघरहून रवाना झालं, त्या दिवशी ते इस्त्रीचा सदरा घालून आले होते.

पण जरा विचार करा. काचेच्या कपाटात आरशासारखं चमकणारं रिव्हॉल्व्हर आहे. त्याच्या मुठीवर काहीही कोरलेलं नाही, आणि खाली पाटीवर लिहिलं आहे, नग क्रमांक अडुसष्ट. उद्या कुणी शहाण्या माणसाने विचारलं, हे कशावरून, तर त्या इमारतीत उत्तर देणारं कुणी नाही. त्याने बोईसरला यावं. अण्णा आहेत तोवर यावं.